सप्टेंबर तिथे काढा, मग घराचं बोलू

प्रश्न पुण्याहून आलाय आणि लांबलचक आहे, म्हणून आधी त्याचा गाभा सांगते. गृहस्थ ६१ वर्षांचे, पत्नी ५८. कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, शिवाय एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून सव्वाचार कोटी. मुलगी-जावई टोरांटोत. जून २०२४ मध्ये दोघं टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल बघायला बार्बाडोसला गेले आणि तिथल्या समुद्राने वेडावून परतले. आता एका सल्लागाराने त्यांना ग्रेनाडाचं नागरिकत्व सुचवलंय: २,३५,००० डॉलर भरा, काही महिन्यांत पासपोर्ट, १४० देशांत व्हिसाशिवाय प्रवास आणि करमुक्त निवृत्ती. ते विचारतात, "उरलेलं आयुष्य कॅरिबियनमध्ये काढावं का? आणि काढायचं तर सुरुवात कुठून करावी?"

मी सीए आहे. परदेशी स्थायिक होणाऱ्यांचे आणि तिथून परतणाऱ्यांचे कर, खाती, घरविक्री हे सगळं गेली २२ वर्षं बघते. माझ्याकडे कॅरिबियनची कुटुंबं मोजकीच आहेत: मेडिकल कॉलेजांत शिकवणारे डॉक्टर, हॉटेल व्यवसायातले दोघे, जहाजावरून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्यामुळे मी स्वतः तीनदा तिकडे जाऊन राहिले, आणि त्यातला एक मुक्काम मुद्दाम पावसाळ्यात केला.

उत्तर आधीच देऊन टाकते. जायचं असेल तर जा, पण भाड्याच्या घरात, भारतीय पासपोर्टवर आणि जुलै ते डिसेंबर या काळात. सप्टेंबर तिथे काढल्याशिवाय घर, नागरिकत्व यातला एकही कागद सही करू नका. आता कारणं.

तुम्ही लिहिलंय की फायनलनंतर वादळामुळे तीन दिवस हॉटेलात अडकलो, "पण मजा आली, आपली टीमही तिथेच अडकली होती." खरंय. बेरिल वादळामुळे ब्रिजटाउनचा विमानतळ बंद होता, आणि २९ जूनला जिंकलेली टीम ४ जुलैला भारतात पोचून मग मरीन ड्राइव्हवर आली. पण तुम्ही पाहिलं ते चुकलेलं वादळ होतं. त्याचा डोळा बार्बाडोसच्या दक्षिणेकडून निसटून गेला. तरीही तिथल्या मासेमारी होड्यांची जेटीवर आपटून लाकडं झाली. आणि १ जुलैला ते जिथे आदळलं ते कारियाकू बेट ग्रेनाडाचंच आहे. तिथली बहुतेक सगळी घरं मोडली. सल्लागाराच्या पीपीटीत हा फोटो नसणार.

जुने लोक तिकडे वर्षं वादळांवरून मोजतात. ग्रेनाडात 'आयव्हनच्या आधी' आणि 'आयव्हननंतर' असं बोलतात. ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन आलं, बेटावरच्या दहातल्या नऊ घरांचं नुकसान झालं आणि जायफळाच्या बागा आडव्या झाल्या. जायफळ ग्रेनाडाच्या झेंड्यावर आहे. हे झाड फळायला सात-आठ वर्षं लागतात, हे कोकणात नारळीत आंतरपीक म्हणून जायफळ लावणाऱ्याला सांगायला नको. डॉमिनिकावर सप्टेंबर २०१७ मध्ये मरिया पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचं वादळ म्हणून आलं. त्याच महिन्यात इर्मामुळे बार्बुडा बेट पूर्ण रिकामं करावं लागलं. जमैकात ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा आलं, तेही पाचव्या श्रेणीचं. अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा ऐन भर म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ.

म्हणजे कायम भीतीतच राहायचं का? नाही. बहुतेक वर्षी बहुतेक बेटांवर काहीच होत नाही. पण सप्टेंबरचं बेट तुम्ही पाहिलेल्या बेटापेक्षा वेगळं असतं. पर्यटक नसतात, म्हणून बरीच रेस्टॉरंटं आणि छोटी हॉटेलं महिनाभर कुलूप लावतात. हवा हलत नाही, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. पूर्वेच्या किनाऱ्यावर सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगांनी येऊन कुजतं. २०११ पासून हे जवळपास दरवर्षीचं झालंय. त्याचा वास सडक्या अंड्यासारखा, आणि त्या वायूने एसीची कॉइल, फ्रिज, टीव्ही गंजतात. मी राहिले त्या घरातल्या बाईंनी पितळी समई आणि चांदीची निरांजनं प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून ठेवली होती. "दिवाळीला काढते, तोवर नाही," म्हणाल्या. रोज रात्री आठला त्या मोबाइलवर अमेरिकेच्या हरिकेन सेंटरचा नकाशा उघडायच्या. आफ्रिकेच्या बाजूला पिवळा ठिपका दिसला की पाण्याचे कॅन भरायचे, गाडीची टाकी फुल करायची, एटीएममधून रोख काढायची. आपल्याकडे दूध तापवतात तितक्या सहजपणे. हे जमणार असेल तर बेट तुमचं. न जमल्यास डिसेंबर ते एप्रिल पाहुणे म्हणून जाणं काही कमीपणाचं नाही. कॅनडाचे हजारो लोक तेच करतात.

आता पासपोर्ट. पूर्व कॅरिबियनचे पाच देश पैशांच्या बदल्यात नागरिकत्व देतात: सेंट किट्स-नेव्हिस (१९८४ पासून, सगळ्यांत जुनी योजना), डॉमिनिका, अँटिग्वा-बार्बुडा, ग्रेनाडा आणि सेंट लुसिया. २०२४ मध्ये त्यांनी आपापसांतली किंमतयुद्धं थांबवून किमान दोन लाख डॉलरचा आकडा ठरवला. ग्रेनाडाचे २,३५,००० म्हणजे आजच्या दराने दोन कोटींच्या वर. ही देणगी आहे, परत मिळत नाही. शिवाय तपासणीची फी, वकील, सल्लागाराचं कमिशन वेगळं. तुमच्या सव्वाचार कोटींपैकी निम्मे पैसे एका पुस्तिकेत जाणार. त्या बदल्यात काय मिळतं ते बघा.

मुलगी टोरांटोत आहे म्हणालात. ग्रेनाडाच्या पासपोर्टवर कॅनडाला जायला व्हिसा लागतो. अमेरिकेलाही लागतो. कॅनडाने २०१४ साली सेंट किट्सची आणि २०१७ साली अँटिग्वाची व्हिसामाफी काढून घेतली, कारण पासपोर्ट विकण्याच्या याच योजना. ब्रिटनने २०२३ मध्ये डॉमिनिकावर व्हिसा लावला. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये माल्टाची तसलीच योजना बेकायदा ठरवली. वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळतंय ना? '१४० देश' हा आकडा आजचा आहे आणि तुम्हाला तो पुढची वीस वर्षं वापरायचाय. त्यातही तुम्हाला ज्या एका देशात खरोखर जायचंय, तो त्यात नाहीच.

उलट भारतीय पासपोर्टवर तुम्हाला तिथे जाऊन बघायला काहीच अडचण नाही. बार्बाडोस, ग्रेनाडा, त्रिनिदाद, सेंट किट्स इथे भारतीयांना ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. डॉमिनिकात तर सहा महिने. मुदत वाढवायला तिथल्या इमिग्रेशन खात्यात अर्ज आणि फी. खरी गोची वाटेवर असते. भारतातून थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरांटोवरून जावं लागतं आणि तिथे ट्रान्झिटचा व्हिसा आडवा येतो. म्हणून माझा आग्रह असा की सगळ्यात आधी कॅनडाचा सुपर व्हिसा काढा. मुलगी नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तर तो आईवडिलांसाठीच आहे. एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. टोरांटोहून बार्बाडोसला पाचेक तासांत थेट विमान जातं. म्हणजे वाटही झाली आणि वेळ पडली तर पळवाटही. दोन कोटींच्या पासपोर्टने जे होत नाही ते या व्हिसाने होतं.

अमेरिकेच्या ई-टू, म्हणजे गुंतवणूकदारांच्या व्हिसाचं गाजरही दाखवलं असेल. ग्रेनाडाचा अमेरिकेशी तसा करार आहे, पण २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने कायदा बदलला. पैसे देऊन नागरिक झालेल्याला आधी त्या देशात तीन वर्षं वास्तव्य दाखवावं लागतं. शिवाय तो व्हिसा धंदा चालवणाऱ्यांचा. निवृत्त माणसाचा त्याच्याशी संबंध काय?

आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व आपोआप जातं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. दोन पासपोर्ट जवळ ठेवण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. जुना पासपोर्ट जमा करायचा, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) घ्यायचं. ओसीआयवर आयुष्यभर येता-राहता येतं, फ्लॅटही राहतो. पण मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तुम्ही मुळशीतल्या गुंठ्यांचा उल्लेख केलाय, त्याचा सातबारा काय म्हणतो ते आधी बघू. आणखी एक अवघड गोष्ट: पीएनबी प्रकरणातले आरोपी मेहुल चोक्सी यांनी २०१७ साली अँटिग्वाचं नागरिकत्व घेतलं होतं. तेव्हापासून भारतीय नाव आणि कॅरिबियन पासपोर्ट ही जोडी दिसली की बँकेतला माणूस चष्मा सरळ करून बसतो. तुमचे पैसे पांढरेशुभ्र असतील, पण प्रत्येक ठिकाणी ते सिद्ध करत बसावं लागेल.

पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात: "२०१९ मध्ये एक स्टेंट बसलाय, बाकी तब्येत ठणठणीत." मी असते तर ही ओळ पहिली लिहिली असती. निर्णय इथेच आहे.

ग्रेनाडा ३४४ चौरस किलोमीटरचं आणि सव्वा लाखाच्या आत-बाहेर वस्तीचं राष्ट्र. तिथे सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीचं मोठं मेडिकल कॉलेज आहे, १९७० च्या दशकापासून आहे, पण मेडिकल कॉलेज आहे म्हणजे हृदयाची सगळी सोय आहे असं समजू नका. लहान बेटांवर प्राथमिक उपचार चांगले होतात. मोठं काम निघालं की पेशंटला बार्बाडोस, त्रिनिदाद किंवा थेट मायामीला हलवतात.

माझ्या एका अशिलाची गोष्ट सांगते. जहाजावरचे निवृत्त इंजिनिअर, वय ६६, एका लहान बेटावर टेकडीवर घर. रविवारी दुपारी चारला छातीत कळ आली. शेजाऱ्याने गाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी ईसीजी काढून औषधं सुरू केली, जीव वाचवला. आता अँजिओग्राफीसाठी दुसऱ्या बेटावर न्यायचं होतं. एअर अॅम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, "पैशांची हमी कोण देणार?" त्यांच्या पत्नीच्या कार्डाची मर्यादा ५,००० डॉलर. मुलगा नाशिकला, तिथे मध्यरात्र उलटून गेलेली. फोन उचलला त्याने, पण रविवारी मध्यरात्री कुठली बँक पैसे पाठवणार? शेवटी तिथल्या मेडिकल कॉलेजातल्या एका तमिळ प्राध्यापकांनी स्वतःचं क्रेडिट कार्ड दिलं आणि विमान उडालं. काका आज बरे आहेत, आता नाशिकला राहतात. टेकडीवरचं ते घर विकायला त्यांना तीन वर्षं लागली.

विमा नव्हता का? होता. भारतातला मेडिक्लेम होता, जो भारताबाहेर चालत नाही. परदेशात चालणारी आंतरराष्ट्रीय पॉलिसी साठीनंतर महाग पडते आणि आधीचे आजार एकतर वगळते किंवा त्यासाठी जादा हप्ता लावते. तुमच्या बाबतीत 'हृदय' हा शब्द वगळलेल्या यादीत असेल तर ती पॉलिसी कागदाच्या मोलाची. म्हणून आधी तुमच्या कार्डिओलॉजिस्टकडून सविस्तर पत्र घ्या, ते जोडून दोन-तीन विमा कंपन्यांकडून लेखी उत्तर मागवा: स्टेंटशी संबंधित उपचार धरलेत का, दुसऱ्या बेटावर किंवा देशात हलवण्याचा खर्च धरलाय का, आणि विमानाला हमी तुम्ही थेट देता की पैसे आम्ही भरून मग मागायचे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "आधी भरा" असं आलं, तर वीस-तीस हजार डॉलरची सोय असलेलं कार्ड खिशात हवं. लेखी उत्तर समाधानकारक नसेल तर लहान बेट सोडून द्या. बार्बाडोस किंवा त्रिनिदाद बघा, किंवा सरळ टोरांटो.

आता 'करमुक्त'चा फुगा. सेंट किट्स आणि अँटिग्वात वैयक्तिक आयकर नाही हे खरंच आहे. पण तुमचं उत्पन्न कुठलं? पुण्यातल्या एफडीचं व्याज आणि फ्लॅटचं भाडं. त्यावर भारत कर घेणारच, तुम्ही कुठल्याही बेटावर बसा. इतकंच नाही, तो वाढेल. समजा तुमचं वर्षाचं करपात्र उत्पन्न १२ लाख आहे आणि सगळं व्याजाचं. आज तुम्ही भारतात निवासी आहात, नव्या पद्धतीत रिबेटमुळे कर शून्य. हा रिबेट अनिवासींना नाही. तुम्ही एनआरआय झालात की त्याच १२ लाखांवर सेससह ६२,४०० रुपये. करमुक्त बेटावर गेल्याबद्दल! शिवाय बचत खातं एनआरओ (अनिवासींचं खातं) करावं लागतं, त्यातल्या एफडीच्या व्याजावर बँक ३१.२ टक्के आधीच कापते आणि मग तुम्ही रिटर्न भरून परतावा मागत बसता. 'माझ्यावर कर लागत नाही' असा फॉर्म देऊन कपात टाळायची सोयही निवासींनाच. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासींना नवं खातं उघडता येत नाही. आणि पुढे कधी कोथरूडचा फ्लॅट विकलात तर घेणाऱ्याने टीडीएस नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर कापायचा असतो. आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र वेळेत काढलं नाही तर लाखो रुपये अडकतात. हे प्रमाणपत्र काढून देणं हा माझ्या ऑफिसचा बारमाही धंदा आहे, त्यामुळे हे मी अंदाजाने बोलत नाही.

दुसरी बाजू: भारतीय नागरिक राहून तुम्ही आयकर नसलेल्या देशात गेलात, कुठेच करदाते नसलात आणि भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असलं, तर कायदा तुम्हाला भारतातच निवासी 'मानतो'. परदेशातल्या उत्पन्नावर त्यामुळे सहसा कर लागत नाही, पण 'मी एनआरआय आहे' हा दावा कोसळतो.

पैसे बाहेर नेण्याचं म्हणाल तर एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवण्याची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर नेता येतात. मात्र १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ कापलेली रक्कम, घेते. नागरिकत्वाचे दोन कोटी दहा लाख दोघांच्या नावांनी विभागून पाठवलेत तरी ३८ लाख वर भरावे लागतील. तो जादा कर नव्हे, तुमच्या नावावर जमा होतो आणि रिटर्न भरल्यावर परत येतो. पण तोवर ३८ लाख बिनव्याजी सरकारकडे. सल्लागाराने हा आकडा सांगितला होता का?

सहा महिन्यांच्या प्रयोगाला यातलं काहीही आडवं येत नाही. जुलै ते डिसेंबर बाहेर राहून परतलात तर त्या वर्षी तुम्ही निवासीच धरले जाल. खाती बदलायची नाहीत, पीपीएफला हात लावायचा नाही, मेडिक्लेमचा हप्ता चुकवायचा नाही. फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही, कुलूप लावून किल्ली शेजारी ठेवायची.

घर विकत घेण्याबद्दल थोडक्यात. ग्रेनाडात परक्या नागरिकाला जमीन घ्यायला परवाना लागतो आणि त्याची फी किमतीच्या १० टक्के. विकताना परक्या माणसाला १५ टक्के हस्तांतर कर. म्हणजे घेऊन विकलंत तर घराची किंमत जवळपास तीस टक्के वाढल्यावर कुठे तुम्ही मूळ पदावर येता. बार्बाडोसमध्ये असा परवाना नाही, पण बाहेरून आणलेले डॉलर तिथल्या सेंट्रल बँकेत नोंदवावे लागतात. ती नोंद केली नाही तर विकल्यावर पैसे परत नेताना त्रास. घराच्या विम्यात दोन कलमं बघा. एक, वादळाच्या नुकसानीत विमा रकमेच्या ठरावीक टक्के, बहुधा दोन, तुम्ही सोसायचे. दुसरं 'अॅव्हरेज'चं कलम, ज्यात माणसं बुडतात. चार लाख डॉलरच्या घराचा हप्ता वाचवायला दोन लाखांचा विमा काढलात आणि छप्पर उडून ५०,००० चं नुकसान झालं, तर कंपनी ५०,००० देत नाही, २५,००० देते. तुम्ही घर अर्धंच उतरवलं होतं, म्हणून भरपाईही अर्धी. आणि मृत्युपत्र तिथल्या मालमत्तेचं वेगळं करा. सेंट लुसियाचा दिवाणी कायदा तर फ्रेंच वळणाचा, इतर बेटांहून निराळा.

कुठलं बेट? तुमच्यासाठी मी दोनच नावं घेईन. बार्बाडोस महाग आहे. बहुतेक गोष्टी जहाजाने येतात, वर साडेसतरा टक्के व्हॅट. पण दवाखाने, बसगाड्या, टोरांटोचं विमान सगळं धड. तिथला डॉलर १९७५ पासून दोनास एक असा अमेरिकन डॉलरला बांधलेला, त्यामुळे हिशेब सोपा. 'वेलकम स्टॅम्प' नावाच्या परवान्याची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. तो घरबसल्या परदेशी कंपनीचं काम करून वर्षाला ५०,००० डॉलर कमावणाऱ्यांसाठी आहे, निवृत्तांसाठी नाही.

दुसरं त्रिनिदाद. मनाने मला ते सगळ्यांत जवळचं वाटतं. ३० मे १८४५ ला गिरमिटियांचं (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचं) पहिलं जहाज तिथे लागलं, आणि आज लोकसंख्येत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक भारतीय वंशाचे आहेत. माणसं भोजपूर-अवधकडची, मराठी नव्हेत, पण बाजारात 'बैगन', 'आलू', 'भाजी' हेच शब्द, चवळीच्या शेंगांना 'बोडी', होळीला 'फगवा'. वादळांच्या पट्ट्याच्या बरंचसं दक्षिणेला असल्याने धास्तीही कमी. क्वीन्स पार्क ओव्हलला गेलात की वाडेकरांची १९७१ ची टीम आणि गावस्करांच्या त्या मालिकेतल्या ७७४ धावा अजून लोकांच्या तोंडी सापडतात. मग मी तुम्हाला डोळे मिटून त्रिनिदाद का सांगत नाही? गुन्हेगारी. २०२४ मध्ये तिथे सहाशेहून जास्त खून झाले आणि वर्षाच्या शेवटी सरकारला आणीबाणी लावावी लागली. चौदा लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात हा आकडा लहान नाही. माझे अशील तिथे राहतात, सुखात राहतात, पण फाटकाला मोटर, घराला जाळ्या, अंधार पडल्यावर पायी फिरणं नाही. सकाळ-संध्याकाळ कोथरूडच्या टेकडीवर जाणाऱ्या माणसाला हे किती दिवस सोसेल ते तुम्हीच ठरवा.

आता तुमच्या पत्नीसाठी, म्हणजे काकूंसाठी, कारण पत्रात त्यांचा एकच प्रश्न होता: "आपलं सामान मिळतं का?" त्रिनिदादात पिवळ्या वाटाण्याची डाळ मुबलक, तीच तिथली 'दाल'. तूरडाळ शोधावी लागते, पण डिसेंबरच्या सुमारास ओल्या तुरीच्या शेंगा सगळीकडे दिसतात. तिकडचे लोक ते दाणे भातात घालतात, मी त्यांची आमटी केली होती, छान झाली. नीरफणस (ब्रेडफ्रूट) तर घरोघरी. ग्रेनाडाचं राष्ट्रीय पक्वान्न नीरफणस नारळाच्या दुधात शिजवून करतात. काकूंनी एकदा रवा लावून तव्यावर कापं करून दाखवावीत, शेजार कायमचा जोडला जाईल. मिक्सर न्यायचा असेल तर ग्रेनाडाला न्या, तिथे वीज आपल्यासारखी २३० व्होल्टची. बार्बाडोस आणि त्रिनिदादला ११५ व्होल्ट, आपला मिक्सर तिथे नुसता घुमत राहतो.

एकटेपणाचं मात्र ठरवून घ्या. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तुमचे सकाळचे साडेआठ म्हणजे पुण्यातले संध्याकाळचे सहा. भावाशी बोलायला रोज एवढी एकच खिडकी. मराठी ऐकू येईल ती बहुधा फोनवरच.

आणि एक प्रश्न कुणी विचारत नाही, मी प्रत्येकाला विचारते. दोघांपैकी एकाचं तिथे बरंवाईट झालं तर? त्रिनिदादात कॅरोनी नदीकाठी लाकडांवर चितेचा विधी होतो, पंडितही मिळतात. बाकी बेटांवर आधी चौकशी करून ठेवावी लागते. त्याहून मोठा प्रश्न मागे राहिलेल्या माणसाचा. काकू गाडी चालवतात का? तिथलं बँक खातं दोघांच्या नावावर असेल का? माझ्या परतलेल्या कुटुंबांपैकी निम्मी याच कारणाने परतली. वादळाने एकही नाही.

तर क्रम असा ठेवा: कार्डिओलॉजिस्टचं पत्र आणि विम्याचं लेखी उत्तर, मग सुपर व्हिसा, मग बार्बाडोसच्या दक्षिण किनाऱ्यावर जुलैपासून भाड्याचं घर. किनाऱ्यापासून जरा चढावर, आणि छप्पर २०२४ च्या वादळात टिकलं होतं का हे घरमालकाला विचारून. नव्वद दिवस संपत आले की मुदतवाढ काढा. मध्ये आठवडाभर त्रिनिदाद आणि आठवडाभर ग्रेनाडा करून या. परतल्यावर जानेवारीत मला फोन करा.

सल्लागाराला अजून टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर पावतीवर 'परतावा' या शब्दापुढे काय लिहिलंय त्याचा फोटो काढून आजच पाठवा.